दव पडलं की लोरा नोड गप्प होतात : द्राक्षबागेतला सिग्नल रात्री नेमका कुठे जातो?

पाटावरचा | १६ डिसेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बाग दिंडोरी तालुक्यात, पालखेडच्या बाजूला. दोन एकर थॉमसन, एक एकर सोनाका. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, पण नोकरी सोडून चार वर्षं झाली. त्यामुळे विषयावर गंज चढलाय, सांभाळून घ्या.

गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) आधी बागेत चार नोड, म्हणजे सेन्सरचे बिनतारी डबे, बसवले. प्रत्येकात मातीचा ओलावा दोन खोलींवर, हवेचं तापमान आणि पान ओलं आहे की कोरडं ते सांगणारा सेन्सर. दर दहा मिनिटांनी २० बाइटचा निरोप लोरावर, म्हणजे थोड्या विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवर. वारंवारता ८६५.४०२५ मेगाहर्ट्झ, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, एसएफ ९ (स्प्रेडिंग फॅक्टर, जितका मोठा तितकं सावकाश पाठवणं), कोडिंग ४/५ (चार बिटांमागे एक जादा), पॉवर १४ डीबीएम (डेसिबलात मोजलेली ताकद). रिसीव्हर घराच्या गच्चीवर, बागेपासून सरळ रेषेत साधारण ९०० मीटर.

ऑक्टोबरात छान चाललं. नोव्हेंबरात पानोळा (वेलींवरचा पाला) वाढला तसे थोडे निरोप गळू लागले, म्हटलं ठीक आहे. पण आता रात्री बारा-साडेबारानंतर सकाळी आठपर्यंत निम्म्याहून जास्त निरोप गायब. काल रात्री एका नोडचे ४८ यायला हवे होते, आले १९.

गोंधळात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. दिवसा आरएसएसआय (रिसीव्हर दाखवतो तो ताकदीचा आकडा) उणे ११२ दिसतो. रात्री जे निरोप येतात त्यांचा उणे १०५. म्हणजे रात्री सिग्नल उलट सात डेसिबलनी चांगला, आणि तरी निरोप हरवतात!

डावणीचा (पानांवरच्या बुरशीच्या रोगाचा) अंदाज बांधायचा तर पान किती तास ओलं राहिलं हेच हवं असतं, आणि ओलं राहतं ते याच वेळात. वडील रोज सकाळी चहाला विचारतात, "दव पडलं की तुझं यंत्र झोपतं, मग दव मोजणार कोण?" उत्तर नाही माझ्याकडे.

काळीमाती | १६ डिसेंबर, रात्री ११:१५

वडिलांनी उत्तर दिलंय की. दवच आहे. पानांवर पाणी, पाण्यात लहरी मुरतात. आमच्याकडे निफाडला या दिवसांत सकाळी मांडवाखालून गेलं तर अंगावर अंघोळ होते. मोबाइलचं सिम टाका आणि मोकळे व्हा. आणि डावणी येणार ते मला आभाळ बघून कळतं, वीस बाइट लागत नाहीत.

सातपूरकर | १७ डिसेंबर, सकाळी ७:५०

मी कारखान्यात ऑटोमेशनचं काम करतो, त्यामुळे माझा संशय नेहमी मोटारीवर. रात्री बाराला शेतीची थ्री फेज येते का तुमच्याकडे? पंपाला व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे की साधा स्टार्टर? दुसरं, गच्चीवरच्या रिसीव्हरला कुठला अडॅप्टर लावलाय? शंभर रुपयांचा चार्जर असेल तर आधी तो बदला, मग बाकीचं बोलू.

बिनतारी | १७ डिसेंबर, सकाळी ९:२०

दूरसंचार खात्यात बिनतारीवर ३४ वर्षं काढली, आता नाशिकरोडला निवांत आहे. लोरा माझ्या काळातलं नाही, पण गोंगाट माझ्याच काळातला आहे.

पाटावरचे, तुम्ही एकच आकडा दिलात. आरएसएसआय म्हणजे त्या पट्ट्यात एकूण किती ऊर्जा येतेय ते. ती तुमची आहे की आणखी कोणाची, हे तो सांगत नाही. लग्नाच्या मांडवात गर्दी वाढली म्हणून आपलेच पाहुणे जास्त आले असं थोडंच असतं! दुसरा रकाना पाहा, एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली आहे ते. तो दिवसाचा आणि रात्रीचा, दोन्ही इथे टाका.

पाटावरचा | १७ डिसेंबर, दुपारी १:०५

काका, दिवसा अधिक ५ च्या आसपास. रात्री उणे ११. हा रकाना मी कधी पाहिलाच नव्हता, लाज वाटली.

सातपूरकर, रात्री बाराला थ्री फेज येते हे बरोबर. या आठवड्यात रात्रपाळी आहे, बारा ते आठ. पंपाला साधा स्टार्टर. अडॅप्टर मात्र तुम्ही म्हणता तसलाच निघाला, आजच बदलतो.

बिनतारी | १७ डिसेंबर, दुपारी ४:३०

आता हिशेब मांडू.

कुठल्याही रिसीव्हरच्या तोंडाशी उष्णतेचा गोंगाट असतोच. खोलीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम. तुमची बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, तिचे ५१ डेसिबल मिळवा. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट ६ धरा. झाले उणे ११७. दिवसा सिग्नल उणे ११२ आणि एसएनआर अधिक ५, म्हणजे गोंगाट बरोब्बर उणे ११७. दिवसा तुमच्या बागेत शांतता आहे.

रात्री एसएनआर उणे आहे. सिग्नल गोंगाटाखाली गेला की आरएसएसआयचा आकडा गोंगाटाचाच होतो, खरा सिग्नल काढायचा तर त्यात एसएनआर मिळवावा लागतो. उणे १०५ आणि उणे ११, म्हणजे उणे ११६. तर रात्री तुमचा सिग्नल सातने वाढलेला नाही, चारने घटलाय. आणि गोंगाट उणे ११७ वरून उणे १०५ वर, १२ डेसिबलनी चढलाय. सोळा पट.

चार डेसिबल दवाचे असतील, काळीमाती यांना तेवढं श्रेय. बारा डेसिबल दवाचे नाहीत. दव सिग्नल खातं, ते आवाज करत नाही.

आणखी एक. एसएफ ९ ला साधारण उणे १२.५ पर्यंत वाचता येतं. तुमच्या नोंदीत उणे ११ दिसतंय, कारण जे वाचले तेच वहीत चढले. जे २९ बुडाले त्यांचा एसएनआर तुम्हाला कधीच दिसणार नाही. नदी पार करून आलेल्यांनाच पाणी किती खोल होतं ते विचारायचं, असला प्रकार आहे हा. निरोपात अनुक्रमांक घातला आहे का? नसेल तर घाला, म्हणजे कुठला कधी बुडाला ते तरी कळेल.

काळीमाती | १७ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

चार तर चार, श्रेय घेतलं. पण काका, एक कळेना. उणे ११ म्हणजे गोंगाट सिग्नलपेक्षा बारा-तेरा पट मोठा ना? मग १९ निरोप तरी आले कसे? डिजेच्या भिंतीपुढे कोणी कुजबुजलं तर ऐकू येतं का कधी?

षड्ज | १७ डिसेंबर, रात्री ८:३५

हे मी सांगू का? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि गाणंही शिकते, त्यामुळे माझ्या डोक्यात हे असंच बसलंय.

लोरा एक आणि शून्यासाठी वेगवेगळे सूर वापरत नाही. ते मींड घेतं. पट्ट्याच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत एकसंध सरकत जाणारा सूर. प्रत्येक मींड सारख्याच वेगाने चढते, फरक फक्त सुरुवात कुठून केली याचा. मधल्या गंधारावर सुरू केली तर तार षड्जाला पोचून ती खाली मंद्रात येते आणि राहिलेला चढ पूर्ण करते. एसएफ ९ मध्ये सुरुवातीच्या ५१२ जागा आहेत, म्हणून एका मींडेत ९ बिट मावतात.

रिसीव्हरला मींड कशी चढणार ते आधीच माहीत असतं. तो काय करतो, आलेल्या सगळ्या आवाजाला तंतोतंत उलट, उतरत्या मींडेने गुणतो. चढ आणि उतार एकमेकांना खातात आणि उरतो एक स्थिर सूर. मग एफएफटी (आवाजातले सूर वेगळे करणारं गणित) काढली की ५१२ खणांपैकी एकाच खणात काठी उभी राहते. कुठला खण, तेच उत्तर.

गोंगाटाला मात्र मींड माहीत नाही. उलट मींडेने गुणला तरी तो गोंगाटच राहतो, ५१२ खणांत वाटला जातो. नाशिक ढोलच्या दणदणाटात कुणी सनईवर लांब मींड घेतली तर कान ती पकडतो, कारण पुढे सूर कुठे जाणार ते कानाला ठाऊक असतं. कुजबुज पकडता येत नाही, कारण ती कुठेही जाऊ शकते.

बिनतारी | १७ डिसेंबर, रात्री ९:५०

वा बाळा. मी तीन पानं लिहिली असती आणि तरी इतकं पोचलं नसतं. तुझ्या ५१२ खणांना आकडा लावतो: दहा गुणिले ५१२ चा लॉग, म्हणजे २७ डेसिबल. हवेत उणे १२.५ असलेला सिग्नल त्या एका खणात अधिक १४.५ होऊन बसतो. मग ओळखायला अडचण नाही.

सगळ्या डिजिटल मॉड्युलेशनचं (लहरीवर निरोप चढवण्याचं) पोट हेच आहे. आकार ठाऊक असलेल्या गोष्टीची गोंगाटाशी तुलना करत राहायचं, आणि जितका वेळ तुलना कराल तितका आकार वर येतो. आमच्याकडे याला मॅच्ड फिल्टर म्हणत. रडारवाल्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे पक्कं केलं.

पाटावरचा | १७ डिसेंबर, रात्री १०:२०

मग सरळ एसएफ १२ करू का? ते उणे २० पर्यंत वाचतं म्हणतात. चार नोडचं एक सेटिंग बदललं की काम झालं.

बिनतारी | १८ डिसेंबर, सकाळी ८:१५

करू शकता, पण फुकट काही नाही. एसएफ ९ ला एक मींड ४.०९६ मिलिसेकंदांची, एसएफ १२ ला ३२.७६८. तुमचा २० बाइटचा निरोप आज हवेत साधारण १८५ मिलिसेकंद असतो, तो १.३ सेकंदांवर जाईल. बॅटरी सात पट खाणार. शिवाय हवेत जितका वेळ जास्त, तितका दुसऱ्या कोणाच्या पायाखाली येण्याचा धोकाही जास्त.

क्लॉड शॅननने १९४८ मध्ये सांगून ठेवलंय की दिलेल्या बँडविड्थमध्ये आणि दिलेल्या गोंगाटात जास्तीत जास्त किती बिट बिनचूक जाऊ शकतात याला कमाल हद्द असते. १२५ किलोहर्ट्झ आणि उणे २० ला ती सेकंदाला १७९० बिटच्या आसपास येते. एसएफ १२ त्यातले २९३ घेतं. म्हणजे लोरा काही जादू नाही, ते फार सावकाश बोलतं एवढंच. सावकाश बोलणाऱ्याचं गर्दीतही समजतं.

पण माझा आक्षेप वेगळाच आहे. गोंगाट १२ डेसिबलनी कशामुळे चढला हे न शोधता आवाज वाढवणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर बर्फात ठेवणं. आधी चोर शोधा.

सातपूरकर | १८ डिसेंबर, सकाळी १०:४०

चोराबद्दल एक कल्पना. ८६५ ते ८६८ हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय खुला आहे, त्यामुळे तिथे बरेच जण राहतात. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही याच पट्ट्यात वाचला जातो. पिंपळगाव बसवंतचा टोलनाका तिथून किती लांब?

बिनतारी | १८ डिसेंबर, सकाळी ११:३०

टोलनाक्याच्या वाचकाचं तोंड खाली गाडीच्या काचेकडे असतं, आणि नाका रात्री बाराला सुरू होऊन आठला बंद होत नाही. तो नव्हे.

त्यापेक्षा मोबाइलचा टॉवर जवळ असेल तर तो तपासा. ८५० च्या पट्ट्यात टॉवर ८६९ मेगाहर्ट्झपासून वर बोलतो, तुमच्यापासून जेमतेम चार मेगाहर्ट्झवर. गच्चीसमोर टॉवर असेल तर रिसीव्हर भेदरतो आणि मग पुढे फिल्टर लावावा लागतो. पण तोही चोवीस तास असतो. तुमच्या चोराला घड्याळ आहे.

षड्ज | १८ डिसेंबर, रात्री ९:०५

थोडं अवांतर, पण कोडिंगच्या ४/५ बद्दल आहे.

आमच्या प्रकल्पात गंगापूर रोडच्या गच्चीवरून रशियाच्या मेटिओर हवामान उपग्रहाचं चित्र घेतो. १३७.९ मेगाहर्ट्झ, क्यूपीएसके (चार खुणांत निरोप पाठवायची पद्धत), सेकंदाला ७२ हजार सिम्बॉल, म्हणजे खुणा. अँटेना म्हणजे ५३ सेंटीमीटरचे दोन दांडे, १२० अंशांत उघडलेले. उपग्रह डोक्यावर ८२० किलोमीटरवर, क्षितिजावर असताना ३३०० च्या पुढे. नुसत्या अंतराचा फरक १२ डेसिबल. शिवाय जवळ येताना वारंवारता ३ किलोहर्ट्झ वर आणि लांब जाताना तितकीच खाली सरकते, तिच्या मागे लूपने धावावं लागतं. क्षितिजावर असताना स्क्रीनवर चार ठिपक्यांऐवजी धुक्याचा गोळा दिसतो, वर चढला की त्यातून हळूहळू चार ढग सुटे होतात. पहिल्यांदा ते सुटे होताना पाहिले तेव्हा आम्ही तिघी ओरडलो होतो, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या!

मुद्दा असा. सुरुवातीला आम्ही प्रत्येक ठिपका ठरवून टाकायचो, हा शून्य, हा एक. चित्रात पट्टेच पट्टे. मग सरांनी विचारलं, दोन ढगांच्या मधोमध पडलेल्या ठिपक्याबद्दल तुम्हाला इतकी खात्री कशी? तेव्हापासून "बहुतेक एक, पण शंका आहे" असं लिहूनच पुढे विटर्बीकडे (चुका सुधारणाऱ्या डीकोडरकडे) देतो. शंका जपली की जवळपास २ डेसिबल फुकट मिळतात. तरी जे चुकतं ते रीड-सॉलोमन हा दुसरा कोड दुरुस्त करतो, २५५ बाइटच्या गठ्ठ्यात १६ बाइटपर्यंत.

पाटावरचे दादा, तुमचा ४/५ चूक फक्त ओळखतो, दुरुस्त नाही करत. ४/८ केला तर प्रत्येक चार बिटांच्या गटात एक चूक दुरुस्त होते. लोरात एका सिम्बॉलचे बिट वेगवेगळ्या गटांत वाटलेले असतात, त्यामुळे एखादी मींड पूर्ण मेली तरी प्रत्येक गटाला एकच जखम होते. निरोप १८५ वरून साधारण २४७ मिलिसेकंद होईल, एसएफ १२ पेक्षा कितीतरी स्वस्त.

पाटावरचा | २३ डिसेंबर, रात्री ९:३०

आठवडाभर गायब होतो, थंडी वाढलीय आणि मणी तडकायची भीती, पहाटे बागेत शेकोट्या आणि पाणी चाललंय.

बातमी आहे. अनुक्रमांक घातला, ४/८ केला, अडॅप्टर बदलला. रात्रीचे १९ वरून २६ झाले. पण खरी गंमत पुढे आहे. सोमवारपासून थ्री फेजची पाळी बदलली, आता सकाळी साडेआठ ते साडेचार. आणि सोमवारपासून रात्रभर एकही निरोप हरवला नाही! दवानं चिंब पानं, एसएनआर अधिक १, सगळे ४८. सकाळी साडेआठनंतर पुन्हा बोंब. कोरडं ऊन, पानं खडखडीत, आणि गोंगाट उणे १०५.

दव निर्दोष सुटलं. मग आज पंप दिवसभर बंद ठेवला, वडिलांची बोलणी खाऊन. काहीही फरक नाही. म्हणजे चोर थ्री फेजवर चालतो, पण तो माझा पंप नाही.

काळीमाती | २३ डिसेंबर, रात्री ९:५५

रात्रीचे अधिक ५ चे अधिक १ झाले ना? चार डेसिबल माझेच.

सातपूरकर | २३ डिसेंबर, रात्री १०:१०

रविवारी मी येतो. एसडीआर डोंगल (हवेतल्या लहरी पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर) आणि लॅपटॉप आणतो. हुर्डा असेल तर लवकर येतो.

पाटावरचा | २८ डिसेंबर, रात्री १०:५०

सातपूरकर आले होते, हुर्डा झाला, चोरही सापडला. लिहायला थोडं अवघड जातंय.

डोंगलला छोटी अँटेना लावून बागेच्या मधोमध बसलो. पडद्यावर वारंवारता आडवी, वेळ खाली सरकत जाणारा. आमचे नोड बोलले की तिरप्या रेघा उमटतात, पावसाच्या सरींसारख्या. साडेआठ वाजून काही मिनिटं झाली आणि नेमक्या आमच्या पट्ट्यात दोन समांतर उभ्या रेघा आल्या, रेल्वेच्या रुळांसारख्या. थोडा वेळ थांबायच्या, परत यायच्या. आमच्या तिरप्या सरी त्या रुळांखाली जाऊन पुसट व्हायच्या.

सातपूरकर लगेच म्हणाले, ही साधी एफएसके. दोनच सूर, एकाला शून्य, एकाला एक. डोंगल घेऊन चालत गेलो. पूर्वेकडे गेलं की रुळ गडद. शेवटी बांधावर पोचलो. पलीकडे चुलत्यांची बाग. गेल्या हंगामात त्यांनी ठिबकचं वायरलेस ऑटोमेशन बसवलं. थ्री फेज आली की त्यांचा कंट्रोलर जागा होतो आणि एकेका व्हॉल्व्हला उघड-मीट सांगत बसतो. खुल्या पट्ट्यातच, त्यांचं काही चुकलेलं नाही.

आता अडचण अशी की त्या बांधावरून आमचं आणि त्यांचं सहा वर्षं बोलणं नाही.

काळीमाती | २८ डिसेंबर, रात्री ११:०५

जमिनीचा बांध कोरून झाला, आता हवेतला कोरायला घेतला दोघांनी.

बिनतारी | २९ डिसेंबर, सकाळी ९:००

शेजाऱ्याकडे जायच्या आधी घरचा हिशेब द्या. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचतेय.

९०० मीटर, ८६५ मेगाहर्ट्झ, मोकळ्या हवेत तोटा साधारण ९० डेसिबल. तुम्ही पाठवता अधिक १४. गच्चीवर उणे ७६ यायला हवा. येतोय उणे ११२. मधले ३६ डेसिबल कुठे गेले? चुलत्यांनी नाही खाल्ले. त्यांनी गोंगाट वाढवला, सिग्नल तुमचा तुम्हीच हरवलाय. नोडची अँटेना कशी बसवली आहे ते सांगा.

पाटावरचा | २९ डिसेंबर, दुपारी १२:४०

मांडवाच्या लोखंडी अँगलला डबा बांधलाय, छातीच्या उंचीवर. अँटेना डब्याला चिकटून उभी.

बिनतारी | २९ डिसेंबर, दुपारी १:१०

बघा म्हणजे झालं! पाव लहरीची अँटेना, साडेआठ-पावणेनऊ सेंटीमीटरची काडी, ती लोखंडाला खेटून. तिची वारंवारता सरकली आणि अर्ध्या दिशा अँगलने झाकल्या. वर डोक्यावर ओल्या पानांचं छप्पर. तो बिचारा सिग्नल पहिल्या दहा ओळींतच दमला.

बांबू घ्या. मांडवाच्या वर दोन मीटर निघेल इतका. टोकाला काडी, तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा खाली तिरप्या. लोखंड जवळ नको. समोर गच्ची दिसते म्हणून मार्ग मोकळा झाला असं समजू नका. ९०० मीटरच्या मध्यावर लहरीला रेषेच्या भोवती जवळजवळ ९ मीटर त्रिज्येची जागा हवी असते. तेवढी तुम्हाला मिळणार नाही, पण जितकी उंची तितका फायदा.

पाटावरचा | २ जानेवारी, रात्री ८:४५

दोन नोड बांबूवर चढवले. दिवसा आरएसएसआय उणे ९५, एसएनआर अधिक ९. म्हणजे १७ डेसिबल नुसत्या बांबूने! चुलत्यांचे रुळ चालू असतानाही एसएनआर अधिक ९ च्या आसपास, एकही निरोप गेला नाही. न बदललेले दोन नोड अजून रडतायत, त्यामुळे तुलना डोळ्यांसमोर आहे.

बिनतारी | २ जानेवारी, रात्री ९:३०

अधिक ९ वर चिपचा आकडा अडतो, खरा एसएनआर निवांत वेळी त्याहून बराच जास्त असणार. पण उणे ७६ पासून अजून १९ डेसिबल लांब आहात, विसरू नका. गच्चीवरच्या अँटेनाचा फोटो टाका. तिलाही पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधलंय अशी माझी पैज.

पाटावरचा | २ जानेवारी, रात्री ९:३८

पैज जिंकलात.

षड्ज | ३ जानेवारी, सकाळी ७:२०

वारंवारता पण बदला ना दादा. ८६५.९८५ घ्या, रुळांपासून जवळजवळ ६०० किलोहर्ट्झ लांब. मग बोलायची वेळच येणार नाही.

पाटावरचा | ६ जानेवारी, रात्री १०:१५

बदलली. पण बोलायची वेळ आलीच.

काल पहाटे शेकोटीपाशी असताना चुलत भाऊ बांधावर येऊन उभा राहिला. बांबू दिसले म्हणून विचारायला. त्याचे लांबचे दोन व्हॉल्व्ह नोव्हेंबरपासून सांगितलेलं ऐकत नाहीत, विकणाऱ्याने दोनदा बोर्ड बदलून दिले, फरक नाही. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं मीच आडवा येतोय की काय.

काका, इथे तुमची पद्धत वापरली. चार नोड, तासाला सहा निरोप, प्रत्येकी पाव सेकंद. तासात सहा सेकंद. सहा सेकंदांनी त्याचे व्हॉल्व्ह दोन महिने बहिरे होणार नाहीत. मग जाऊन पाहिलं. त्याचीही अँटेना अँगलला बांधलेली, वर पानांचा ढीग.

आज त्याच्याकडे दोन बांबू उभे केले. आई म्हणाली, चहा तिकडेच घेतलास वाटतं. वडील काही बोलले नाहीत, पण जाताना बांबू कापायची करवत माझ्या हातात दिली.

त्याच्या स्टार्टरच्या डब्यावर आणि माझ्या डब्यावर खडूने लिहून ठेवलंय : ८६५.४ त्याचं, ८६५.९८५ माझं.

काळीमाती | ६ जानेवारी, रात्री १०:३०

खडू दवानं पुसेल. ऑइल पेंट घ्या.

सातपूरकर | ७ जानेवारी, सकाळी ८:०५

बांबूच्या टोकावर कावळा बसला की एसएनआर किती पडतो ते मोजून टाका कोणीतरी. माझ्याकडे तीन डेसिबलपर्यंत आलाय, पण कावळे दोन होते.